कॅसेटवरून कंप्युटरवर घेताना आवाज आणि चित्र जुळतं ठेवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात कपाटाच्या वरच्या खणात अजूनही व्हीएचएस कॅसेटी निघतात. नव्वदच्या दशकातली लग्नं, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गावच्या हौशी मंडळींचं नाटक, संमेलनातली भाषणं. त्या कंप्युटरवर घेतल्या की पहिली तक्रार चित्राची नसते. "तोंड आधी हलतंय, आवाज मागनं येतोय", ही असते. खालचे प्रश्न त्याबद्दलच आहेत.

आवाज मागे पडतोय एवढं दिसतंय. सुरुवात कुठून करायची?

कशालाही हात लावण्याआधी फाइल तीन ठिकाणी बघा : पहिल्या पाच मिनिटांत, बरोबर मध्यावर आणि शेवटच्या पाच मिनिटांत. प्रत्येक ठिकाणी आवाज किती फ्रेम (व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र) पुढे किंवा मागे आहे ते कागदावर लिहा. त्यातून तीनपैकी एक रोग कळतो.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल, तर तो ठरावीक फरक. हा सगळ्यात सोपा, दोन मिनिटांचं काम. सुरुवातीला शून्य, मध्यावर सात फ्रेम आणि शेवटी चौदा असा सरळ वाढत गेला असेल, तर आवाजाचं आणि चित्राचं अशी यंत्रांतली दोन घड्याळं वेगवेगळ्या वेगानं चालली आहेत. आणि अमुक मिनिटापर्यंत सगळं ठीक, तिथून पुढे एकदम अर्धा सेकंद फरक असं असेल, तर त्या जागी फ्रेम गळल्या आहेत, म्हणजे कॅसेटवरून घेतानाच सुटल्या आहेत.

तिघांचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काम बिघडतं. फ्रेम गळलेल्या फाइलचा आवाज सरसकट ताणला, तर शेवट जुळतो आणि मधला सगळा भाग बिघडतो. बहुतेक "जुळवून दिलेल्या" फायली अशाच असतात, कारण जुळवणाऱ्यानं फक्त सुरुवात आणि शेवट बघितलेला असतो.

जुळतंय की नाही हे बघायला कुठली जागा धरायची?

जिथे काहीतरी आपटतं आणि ते दिसतं, अशी जागा. नारळ दगडावर फुटतो तो क्षण, झांजेच्या दोन ताटल्या भिडतात तो, टाळ, लेझीम, ताशावर पडणारी काठी. भाषणाची कॅसेट असेल तर वक्ता माइकवर टिचकी मारतो किंवा शेवटी टाळ्या होतात.

असं काहीच नसेल तर ओठ बघा, पण कुठल्याही अक्षराला नाही. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. मंगलाष्टकं म्हणणाऱ्याचा चेहरा जवळून घेतलेला असेल, तर "मंगलम्"चा पहिला म पकडा आणि एकेक फ्रेम पुढेमागे सरकवत बघा.

दोन जागा फसव्या आहेत. अंतरपाट दूर झाल्यावर वाजंत्री सुरू होते, पण वाजवणारा माणूस बघून, खूण मिळाल्यावर वाजवतो. त्या मधल्या वेळेचा काही भरवसा नाही. दुसरी जागा म्हणजे लांबचा फटाका. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मैदानाच्या पलीकडे १०० मीटरवर फुटलेल्या फटाक्याचा आवाज कॅमेऱ्यापर्यंत ०.३ सेकंद उशिराच पोचलेला असतो. तो "दुरुस्त" करायला गेलात तर जवळची सगळी माणसं बिघडतील. मांडवात शेवटच्या रांगेत उभा असलेला कॅमेरा स्टेजपासून २० मीटरवर असेल, तर दीड फ्रेम उशीर नैसर्गिक आहे; तो तसाच ठेवा.

किती फरक चालतो?

आपल्याकडचं चित्र पाल पद्धतीचं (भिंतीवरची नव्हे) : सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. युरोपीय प्रसारण संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४० मिलिसेकंदांपेक्षा जास्त आधी येऊ नये आणि ६० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशिरा येऊ नये. व्यवहारात एक फ्रेम पुढे किंवा दीड फ्रेम मागे, एवढं धरा. उशिरा येणारा आवाज कानाला चालतो, कारण लांबचा आवाज निसर्गात उशिराच येतो. आधी येणारा आवाज मात्र लगेच खटकतो.

मूळ कॅसेटमध्येच गडबड असू शकते का?

असू शकते, आणि हे आधी तपासलं नाही तर दिवस वाया जातो. व्हीसीआर थेट जुन्या, काचेच्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला जोडून बघा. सपाट टीव्हीवर बघू नका. तो आतल्या आत चित्रावर प्रक्रिया करतो आणि चित्र काही फ्रेम उशिरा दाखवतो, त्यामुळे चांगली कॅसेटही बिघडलेली वाटते.

ट्यूबच्या टीव्हीवरही फरक दिसला, तर तो टेपवरचा आहे. दोन-तीन कॅमेऱ्यांचं शूटिंग डिजिटल एव्ही मिक्सरमधून गेलं असेल, तर मिक्सर चित्र साधारण एक फ्रेम धरून ठेवतो आणि आवाज सरळ पुढे जातो. कॉपीची कॉपी असेल, तर हा फरक साठत जातो.

लग्नाच्या कॅसेटीत आणखी एक गोष्ट असते. वरात, हळद, पंगत यांच्यावर शूटिंगवाल्यानं सिनेमाची गाणी चढवलेली असतात. तिथे जुळवायला काही नसतंच. ओठ हलत असतात आणि गाणं तिसरंच असतं. अशा कॅसेटीत मूळ आवाज असलेला भाग शोधा (बहुधा मंगलाष्टकं आणि आशीर्वादाची भाषणं) आणि फक्त तिथेच मापं घ्या.

इथेच एक आशेची जागा आहे. व्हीएचएस टेपवर आवाज दोन प्रकारे असू शकतो : टेपच्या कडेला सरळ पट्टीत, किंवा फिरत्या हेडनं चित्राच्याच तिरप्या रेघांत लिहिलेला हायफाय आवाज. व्हीसीआरच्या ऑडिओ डबिंग सोयीनं गाणी चढवली असतील, तर फक्त कडेची पट्टी पुसली जाते. मूळ शूटिंग हायफायवर असेल, तर तो आवाज अजून तिथेच आहे. हायफाय व्हीसीआर घ्या, आवाजाची निवड हायफायवर ठेवून ऐका, मग नॉर्मलवर. सनईच्या जागी अचानक आजीचा आवाज ऐकू आला, तर दोन्ही आवाज वेगवेगळे साठवून ठेवा.

फ्रेम गळतात म्हणजे नेमकं काय होतं?

टेपवर प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला सिंकचा, म्हणजे जुळणीचा, इशारा असतो. टेप चुरगळलेली असेल, बुरशी असेल, किंवा एक शूटिंग संपून दुसरं सुरू होण्यामध्ये मुंग्या असतील, तर तो इशारा तुटतो. कॅप्चर यंत्राला (व्हीसीआरमधून येणारं चित्र कंप्युटरमध्ये घेणाऱ्या यंत्राला) फ्रेम कळत नाही आणि ते ती सोडून देतं. आवाजाला असल्या इशाऱ्याची गरज नसते, तो चालूच राहतो. फाइल मात्र सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबानं वाजते, त्यामुळे गळलेल्या जागेनंतर चित्र पुढे जातं आणि आवाज मागे राहतो. तीन तासांच्या कॅसेटीत ९० फ्रेम गळल्या, तर शेवटी आवाज ३.६ सेकंद उशिरा येतो. ९० हा आकडा खराब कॅसेटीत अजिबात मोठा नाही.

व्हर्च्युअलडबसारख्या कॅप्चर प्रोग्राममध्ये गळलेल्या आणि भरलेल्या फ्रेमचे आकडे चालू कामात दिसतात. सेटिंगमध्ये, गळलेल्या फ्रेमच्या जागी आधीची फ्रेम पुन्हा भरण्याची सोय चालू ठेवा. भरलेली फ्रेम म्हणजे क्षणभर थबकलेलं चित्र, सिंक टिकतो. भरपाई न होता गळलेली फ्रेम म्हणजे पुढच्या सगळ्या फाइलचा सिंक गेला. कॅसेटीत चार कार्यक्रम असतील, तर चार वेगळ्या फायली घ्या. मुंग्या आल्या की थांबवा आणि नवीन चित्र स्थिर झालं की पुन्हा सुरू करा. एका फटक्यात तीन तास घेण्यात वेळ वाचतो असं वाटतं, पण वाचत नाही.

मग टीबीसी लागतोच का?

टीबीसी, म्हणजे टाइम बेस करेक्टर, टेपमधून डगमगत येणारा इशारा धरून ठेवतो आणि पुढे ठोक्यात पाठवतो. पूर्ण फ्रेमचा टीबीसी असेल, तर कॅप्चर यंत्राला तुटका इशारा दिसतच नाही आणि फ्रेम गळणं जवळजवळ थांबतं. काही व्हीसीआरमध्ये असतो तो रेघेपुरता टीबीसी. तो वाकड्या कडा सरळ करतो, पण फ्रेम गळणं पूर्ण थांबवत नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

खरा टीबीसी महाग आणि दुर्मीळ आहे. स्वस्तातला मार्ग म्हणजे जुना डीव्हीडी रेकॉर्डर मधे घालणं. पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी नावाजलेले आहेत. डीव्हीडीवर काही लिहायचं नाही. व्हीसीआर रेकॉर्डरच्या इनपुटला आणि रेकॉर्डरचा आउटपुट कॅप्चर यंत्राला, एवढंच. आवाजाची वायरही त्याच रेकॉर्डरमधून न्या. चित्र रेकॉर्डरमधून आणि आवाज थेट व्हीसीआरमधून अशी जोडणी केली, तर ठरावीक फरक तुम्ही स्वतःच तयार केलात.

व्हीसीआर आणि कॅसेटची तयारी काय करायची?

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या कॅसेटींत बुरशी असणार असं धरूनच चाला. झाकण उचलून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा धाग्यांची जाळी दिसली, तर ती कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घालू नका. एक बुरशी लागलेली कॅसेट हेड भरते आणि पुढच्या दहा कॅसेटींना ती देऊन जाते. आधी सिलिका जेलसोबत बंद डब्यात काही दिवस सुकवा. साफसफाई तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, वेगळ्या यंत्रावर करा. अथणी, रायबागकडच्या कॅसेटींत बुरशी कमी आणि धूळ जास्त असते.

सुकलेली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे गुंडाळीचा ताण सारखा होतो. हेड ड्रम ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय कापडानं पुसा : कापड स्थिर धरा आणि ड्रम हातानं आडवा फिरवा. वरखाली घासलं तर हेड तुटतं. कडेचं स्थिर हेड आणि रबरी पिंच रोलरही पुसा. रोलर कडक आणि चकचकीत झाला असेल तर टेप घसरते, वेग हलतो आणि आवाज लहरतो. मग ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या रेघांवर नेमकं बसवण्याची सोय, लावा. ते फक्त चित्र बघून लावू नका, हायफाय आवाजातली खरखर कमीत कमी होईल तिथे ठेवा.

आवाजाची वायर कंप्युटरच्या माइक-इनला लावली तर?

नको. तिथे एक वेगळं घड्याळ आलं. कॅप्चर यंत्रातला क्रिस्टल (घड्याळाचा ठोका देणारा स्फटिक) एक, कंप्युटरच्या साउंड कार्डाचा दुसरा, आणि व्हीसीआर ज्या वेगानं फ्रेम देतो तो तिसरा. दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखांत ५० एवढाच फरक असला, तरी तासाला ०.१८ सेकंद होतो, म्हणजे साडेचार फ्रेम. तीन तासांच्या कॅसेटीत अर्धा सेकंद. शिवाय माइक-इन बहुधा एकाच चॅनलचं असतं आणि त्यावर आवाज फाटतो.

आवाज आणि चित्र एकाच कॅप्चर यंत्रात घाला. कॅनोपसचा एडीव्हीसी-११० हे कॅप्चर यंत्र मिळालं, तर त्यात आवाज चित्राला बांधलेला असतो आणि वाढता फरक येतच नाही. मात्र त्याला फायरवायर नावाचं जुन्या प्रकारचं पोर्ट लागतं, जे नव्या लॅपटॉपवर नसतं.

कंप्युटरच्या बाजूनं काय चुकतं?

सगळ्यात जास्त चुकतं ते ४४,१०० आणि ४८,००० मध्ये, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे त्यात. व्हिडिओसाठी आवाज ४८,००० हर्ट्झवर घ्या. २५ फ्रेमच्या हिशोबानं प्रत्येक फ्रेमला बरोबर १,९२० नमुने पडतात. एकावर घेतलेला आवाज दुसरा समजून वाजवला, तर तो आठ-नऊ टक्के वेगानं किंवा संथ चालतो आणि पट्टी सुमारे दीड अर्धस्वरानं (सेमिटोननं) सरकते. माणसं खारीसारखी बोलायला लागली, तर टेपला दोष देऊ नका.

न दाबता (कंप्रेस न करता) घेतलेलं ७२० × ५७६ चं चित्र सेकंदाला सुमारे २०.७ एमबी, तासाला ७५ जीबी लागतं. ई-१८० कॅसेट तीन तासांची, म्हणजे २२५ जीबी. चित्राचा दर्जा न घालवता दाबणारं हफवाययूव्ही वापरलं तर साधारण निम्मं, आणि जास्त दाबणाऱ्या डीव्ही प्रकारात घेतलं तर तासाला १३ जीबी. डिस्कचं फॉरमॅट एनटीएफएस हवं. एफएटी३२ फॉरमॅटवर ४ जीबीला फाइल तुटते. कॅप्चर चालू असताना अँटिव्हायरस, अपडेट आणि वायफाय बंद ठेवा. यूएसबी हब वापरू नका, यंत्र थेट मागच्या पोर्टला लावा. झोपेचं सेटिंगही बंद करा, नाहीतर दोन तास झाल्यावर स्क्रीनसोबत डिस्कही झोपते.

फ्रेम दर बदलता ठेवणारे प्रोग्राम टाळा. यंत्रासोबत मिळणाऱ्या सीडीतले बरेचसे प्रोग्राम तसेच असतात. अशी फाइल प्लेअरवर नीट दिसते आणि एडिटिंगमध्ये टाकली की घसरते. एडिटिंगच्या प्रोजेक्टचं सेटिंगही २५ च ठेवा.

वीज?

यूपीएस लावा, आणि तो फक्त कंप्युटरला नव्हे. व्हीसीआरलाही लावा. व्होल्टेज खाली गेलं की व्हीसीआर टेप सोडतो, कंप्युटर मात्र निळा पडदा आणि शांतता इमानेइतबारे साठवत बसतो.

ठरावीक फरक कसा काढायचा?

व्हीएलसीमध्ये फाइल लावा. 'के' दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद उशिरा जातो, 'जे' दाबलं की तेवढाच आधी येतो. ओठ जुळले तो आकडा लिहून घ्या आणि एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्राममध्ये आवाजाच्या ट्रॅकला तेवढा विलंब द्या. आवाज आधी आणायचा असेल तर उणे चिन्ह लावा. चित्र पुन्हा दाबावं लागत नाही.

तुमच्या जोडणीचा स्वतःचा फरक एकदाच मोजून ठेवा. जुन्या कॅमेऱ्यात कोरी कॅसेट घालून स्टीलच्या ताटावर चमचा मारतानाचं शूटिंग करा : सुरुवातीला, ३० मिनिटांनी आणि ६० मिनिटांनी. ती कॅसेट नेहमीच्या सगळ्या वायरींमधून घ्या. पहिल्या ठोक्याला दिसणारा फरक हा यंत्रांचा ठरावीक फरक, आणि पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यांतल्या फरकाची वजाबाकी हा तासाचा वाढता फरक. जोडणी बदलली की पुन्हा मोजा.

वाढता फरक असेल तर?

समजा फाइल ६० मिनिटांची आहे, सुरुवातीला फरक शून्य आणि शेवटी आवाज १५ फ्रेम उशिरा, म्हणजे ०.६ सेकंद. मध्यावर साडेसात फ्रेम आहेत ना, हे आधी बघा. असतील तर ३,६०० सेकंदांचा आवाज ३,५९९.४ वर आणायचा. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये वेग बदलण्याच्या सोयीत टक्के टाकत बसू नका, नवी लांबी थेट टाका. पट्टीत होणारा बदल इतका सूक्ष्म असतो की तंबोरा लावणाऱ्याच्या कानालाही कळत नाही.

उड्या असतील तर?

कात्री. जिथे फ्रेम गळल्या, ती जागा आवाजाच्या आलेखावर शोधा. तिथल्या एखाद्या शांत क्षणी, दोन वाक्यांच्या मधे, जितका आवाज जास्त झाला तितका कापा आणि सांध्यावर १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरत असतानाच दुसरा चढतो. पुढची उडी, पुन्हा तेच. नेहमी सुरुवातीकडून शेवटाकडे जा, कारण आधीच्या कापण्यानं पुढची सगळी मापं बदलतात. एका तासात दहाबारा उड्यांहून जास्त असतील, तर दुरुस्ती सोडा आणि कॅसेट टीबीसी लावून पुन्हा घ्या.

गाण्याच्या बैठकीची ऑडिओ कॅसेट वेगळी आहे आणि व्हिडिओ वेगळा. जोडता येईल?

येईल, आणि बऱ्याचदा जोडावंच, कारण टेपरेकॉर्डर गवयाजवळ असायचा आणि कॅमेरा भिंतीजवळ. ज्या मुलखात सुळेभावीसारख्या गावी कुमार गंधर्व जन्मले, तिथे बैठकींच्या कॅसेटी कमी निघत नाहीत.

ऑडिओ कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर ठरलेला असतो, पण घरगुती यंत्रं एक-दोन टक्के सहज चुकतात. एक टक्का म्हणजे तासाला ३६ सेकंद. व्हिडिओत दोन स्पष्ट ठोके निवडा, एक सुरुवातीचा आणि एक शेवटचा. व्हिडिओत त्यांच्यात २,५३० सेकंद आणि ऑडिओत २,५०४.७ असतील, तर कॅसेट एक टक्का वेगानं वाजली आहे. इथे पट्टी तशीच ठेवून लय बदलणारी सोय वापरू नका. वेग चुकला तेव्हा लय आणि पट्टी दोन्ही एकत्र चुकले, म्हणून दोन्ही एकत्रच परत आणा. काळी दोनचा षड्ज काळी दोनवर आपोआप येतो, आणि तानांना ती पत्र्याची झाक येत नाही.

बॅटरीवरच्या टेपरेकॉर्डरचा वेग बॅटरी उतरेल तसा बदलत जातो. तिथे एकच गुणोत्तर पुरत नाही. दर पाच मिनिटांचा तुकडा वेगळा जुळवा.

आठ मिलिमीटर आणि १६ मिलिमीटर फिल्म?

फिल्मवर आवाज त्याच चित्राशेजारी नसतो, तो पुढे छापलेला असतो : सुपर आठच्या चुंबकीय पट्टीवर १८ फ्रेम पुढे, १६ मिलिमीटरच्या ऑप्टिकल पट्टीवर २६ आणि चुंबकीय पट्टीवर २८. प्रोजेक्टरमध्ये फिल्मचा वळसा चुकीचा घेतला तर सिंक तिथेच जातो. २४ फ्रेमची फिल्म २५ वर वाजवली असेल, तर आवाजही त्याच गुणोत्तरानं, चार टक्के वेगानं न्यावा लागतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट नीट येत नाही.

ती एनटीएससी या अमेरिकेतल्या पद्धतीची असणार, सेकंदाला २९.९७ फ्रेम. एनटीएससी वाजवणारा व्हीसीआर लागेल आणि कॅप्चर यंत्रही एनटीएससीवर ठेवावं लागेल. ती २५ वर घेऊ नका. फाइल २९.९७ वरच राहू द्या, टीव्हीला फरक पडत नाही.

दुकानात द्यायची असेल तर काय विचारायचं?

फाइल २५ फ्रेम आणि ४८,००० हर्ट्झवर मिळेल का? दाबलेल्या एमपीफोरसोबत मूळ एव्हीआयही मिळेल का? मधे टीबीसी किंवा डीव्हीडी रेकॉर्डर आहे का? किती फ्रेम गळल्या हे लिहून देता का? "फास्ट कॉपी" म्हणणाऱ्याकडे देऊ नका. तीन तासांची कॅसेट घ्यायला तीन तासच लागतात. आणि फाइल हातात आली की दुकानातच शेवटची पाच मिनिटं लावून बघा, मूळ कॅसेट परत घेऊन मगच पैसे द्या.